तासिकेबाहेरची प्राध्यापकी : मन करपण्याची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिलं. जीव ओतून काम करणारेच आधी कोलमडत होते. या अवस्थेला त्यांनी ‘बर्नआउट’ म्हटलं. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी ती मोजणारी प्रश्नावली दिली. त्यात तीन गोष्टी पाहतात : भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. १९८३ मध्ये आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सुंदरींच्या कामावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. मनात काहीही असो, नोकरीला हवा तो भाव चेहऱ्यावर आणणं हेही कामच असतं.

प्राध्यापकांच्या वाट्याला हे कसं आलं? त्याच १९८३ साली वसंतदादा पाटील सरकारनं महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. विद्यार्थ्याच्या फीवर संस्था चालू लागली, तसं त्याला आणणं आणि टिकवणं हे शिकवणाऱ्याच्या गळ्यात आलं. पुढे अनुदानित महाविद्यालयांतही ही धास्ती पोचली. प्रवेश कमी झाले की तुकडी जाते, तुकडी गेली की वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, जातो. म्हणून प्राध्यापक उन्हाळ्यात गावोगावी ‘आमच्याकडे या’ सांगत फिरतात. शिकवण्यापेक्षा हे फिरणं माणसाला जास्त झिजवतं, असं मला वाटतं.

१९९४ मध्ये महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आली. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीसाठी एपीआय, म्हणजे प्राध्यापकाची कामगिरी मोजणारे, गुण आणले. छापलेल्या निबंधाला गुण मिळत. वडील गेल्यामुळे शिक्षण सोडायला निघालेल्या मुलाची समजूत काढण्यात गेलेली दुपार मात्र कुठल्या रकान्यात मांडायची? स्टाफरूममधल्या गप्पांत पुस्तकांची जागा ‘क्रायटेरिया थ्री कोणाकडे आहे?’ या नॅकच्या निकषांविषयीच्या प्रश्नानं घेतली. नंतर विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणही नॅकच्या मूल्यांकनात आलं. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं पुरेशा तयारीविना संगणकावर पेपरतपासणी सुरू केली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. निकाल रखडले, कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं, आणि चिडलेल्या मुलांना रोज सामोरे गेले ते प्राध्यापकच.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली : कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्यानं येणारी अवस्था. तिला आजार म्हटलेलं नाही, ती कामाशी बांधली आहे. त्यामुळे प्राध्यापकांसाठी ‘तणावमुक्ती कार्यशाळा’ घेऊन रिक्त पदं तशीच ठेवणं मला पटत नाही.

सर्वांत जास्त भार सीएचबीवाल्यांवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकांवर, आहे. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. नेट-सेट, पीएचडी होऊनही अनेकांची वर्षं अशीच गेली. मुलं मात्र कायम आणि तासिकेवरचे सर असा फरक करत नाहीत. घरच्यांनी लग्न ठरवलंय म्हणून एखादी मुलगी व्हरांड्यात रडत थांबते, तेव्हा मॅडम तिच्याजवळ बसतात. त्यांची तासिका तेव्हा संपलेली असते.