घरगुती इंटरनेट जोडणी

घरगुती इंटरनेट जोडणी : घरातला संगणक, मोबाइल किंवा टीव्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या जाळ्याला जोडणारी व्यवस्था. भारतात डायल-अप, डीएसएल, केबल, सोसायटीतली लॅनची वायर, घरापर्यंत येणारे फायबर (प्रकाशातून माहिती नेणारी काचेची तार), ‘एअरफायबर’ म्हणून विकली जाणारी बिनतारी जोडणी आणि उपग्रह असे तिचे प्रकार आढळतात. जाहिरातीत या सगळ्यांची तुलना ‘किती एमबीपीएस’ या एकाच आकड्यावर होते. खरा फरक शेवटच्या टप्प्यात असतो. कंपनीच्या केंद्राकेंद्रांमधला प्रवास कित्येक वर्षांपासून प्रामुख्याने फायबरवरूनच होतो. ते फायबर कुठे संपते आणि तिथून घरापर्यंत काय येते, यावर घरातला वेग ठरतो.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये सांगतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला, तर कंपनीने फसवलेले नसते. ग्राहकांच्या तक्रारींतला बराचसा भाग या आठाच्या भागाकारातच मिटतो.

सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा १९९८मध्ये मिळाली. जोडणी डायल-अपची होती : मोडेम, म्हणजे संगणक फोनच्या लाइनला जोडणारे यंत्र, फोन लावायचा, पलीकडच्या मोडेमशी चिरचिरत बोलणी करायचा आणि मग जोडणी लागायची. फोनची लाइन माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झसाठी बांधलेली. तेवढ्या फटीतून जास्तीत जास्त ५६ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) निघत, प्रत्यक्षात त्याहून कमीच. पाच मेगाबाइटचे एक गाणे उतरायला बारा मिनिटे लागत, तेही मध्येच कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला नाही तर. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे.

डीएसएलने तीच तांब्याची जोडी वापरली, पण आवाजाच्या वरच्या लहरींवर. घरोघरी वापरला गेलेला तिचा प्रकार, एडीएसएल, सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, एडीएसएल२+ त्याच्या दुप्पट. स्प्लिटरची छोटी डबी लावली की एकाच लाइनवर फोनही चाले आणि नेटही. २००५पासून मुंबईत एमटीएनएलने आणि उर्वरित महाराष्ट्रात बीएसएनएलने हे ब्रॉडबँड घरोघरी नेले. २००४च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस मिळाले की ते ब्रॉडबँड. ही किमान मर्यादा २०१३मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३मध्ये २ एमबीपीएस झाली. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतला वापर मोजला जात नसे. डाउनलोड लावून झोपायची सवय एका पिढीला तिथे लागली. २५६ केबीपीएसने एक गिगाबाइट उतरायला पावणेनऊ तास लागतात, म्हणजे एवढी रात्रही पुरत नसे.

डीएसएलची खरी अडचण अंतराची. एडीएसएल२+चा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस आहे, पण वरच्या लहरी तांब्यात लवकर विरतात. टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारच्या गल्लीत मिळणारा वेग चार किलोमीटरवर मिळत नाही, मग योजना कोणतीही घ्या. त्यातून पावसाळ्यात जमिनीखालच्या जोडात पाणी शिरले की फोनमध्ये खरखर सुरू व्हायची आणि पाठोपाठ नेट तुटायचे. अपलोडचा वेग जेमतेम १ एमबीपीएसच्या घरात असे. त्याची उणीव व्हिडिओ कॉल येईपर्यंत फारशी कुणाला भासली नाही.

केबल टीव्हीच्या जाड, गोल वायरीतून येणारे इंटरनेट याहून वेगवान असू शकते, पण एका भागातली अनेक घरे ती क्षमता वाटून घेतात. रात्री नऊनंतर वेग पडतो तो त्यामुळे. मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी आणखी एक रीत रुळवली. फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंत आणायचे, तिथे पत्र्याच्या पेटीत स्विच (एक जोडणी अनेक वायरींत वाटणारे यंत्र) ठेवायचा आणि तिथून भिंतीवरून लॅनची वायर एकेका खिडकीत सोडायची. ही वायर १०० मीटरपर्यंत नीट चालते, आणि इमारतीला तेवढी पुरते. जुना स्विच असेल तर १०० एमबीपीएसच्या वर काही मिळत नाही. विजा कडाडल्या की गच्चीवरचे पोर्ट जळतात आणि जिन्याच्या एका बाजूची सगळी घरे एकदम बंद पडतात. तरीही ही जुगाडू रचना काही वर्षे शहरांतली सगळ्यांत परवडणारी जोडणी होती, हे मान्य करावे लागते.

घरापर्यंत फायबर आले आणि मधले तांबे संपले. ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबरने १०० एमबीपीएस ते १ जीबीपीएसच्या (१,००० एमबीपीएसच्या) योजना जाहीर केल्या, नंतर स्वस्त योजना ३० एमबीपीएसपासून आल्या. प्रचलित तंत्राचे नाव जीपॉन. एका फायबरमधून खाली, म्हणजे घरांकडे, सुमारे २.५ आणि वर, म्हणजे कंपनीकडे, सुमारे १.२५ जीबीपीएस जातात. वाटेत विजेविना चालणारा विभाजक तो प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. ३२ घरांनी १०० एमबीपीएस घेतले तर बेरीज ३.२ जीबीपीएस होते, म्हणजे आहे त्याहून जास्त. पण सगळे नळ एकाच वेळी पूर्ण सोडले जात नाहीत, या भरवशावर हे गणित चालते, आणि बहुधा चालूनही जाते. एक्स्चेंज शेजारी आहे की दहा किलोमीटरवर, याने इथे वेगात फरक पडत नाही.

जोडणी करायला आलेल्या माणसाचे काम बघण्यासारखे असते. काळी वायर सोलून तो केसासारखी काच बाहेर काढतो. काचेच्या आवरणासकट तिची जाडी १२५ मायक्रॉन, आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा जेमतेम ९. स्पिरिटने पुसून, काटकोनात कापून दोन टोके तो स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतो, आत ठिणगी पडते आणि काचेला काच जुळते. मग मीटर लावून प्रकाश मोजतो. उणे वीस डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचे माप) आसपास आकडा आला की तो समाधानाने मान हलवतो. उणे सत्तावीसच्या खाली गेला की घरातल्या ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते त्या पेटीवर, लाल दिवा लागण्याची वेळ येते. दारामागे वायर चिमटली किंवा काटकोनात वळवली तरी प्रकाश गळतो. आपल्याकडचे फायबर बऱ्याच ठिकाणी विजेच्या नाहीतर दिव्याच्या खांबांवरून लोंबत जाते, त्यामुळे झाडाची फांदी हा आजही त्याचा मोठा शत्रू आहे. शिवाय ओएनटीला वीज लागते. लाइट गेली की नेट जाते. जुना लँडलाइन फोन तेव्हाही चालायचा.

खोदकाम शक्य नसेल तिथे एअरफायबर. नावात फायबर असले तरी घरापर्यंत येतात त्या ५जीच्या लहरी, छतावरच्या किंवा खिडकीतल्या ॲन्टेनावर. एअरटेलने ही सेवा ऑगस्ट २०२३मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३मध्ये सुरू केली. पहिल्या शहरांत मुंबई होती. १०० एमबीपीएस सहज मिळतात, मात्र टॉवर मोबाइलवाल्यांशी वाटून घ्यावा लागतो.

उपग्रहाची गोष्ट वेगळी, कारण तिथे वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. विचारणा वर जाऊन खाली येणार आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद. कितीही एमबीपीएस घेतले तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही आणि फोनवर दोघेही एकदमच बोलू लागतात. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून विलंब खूपच कमी. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने या कंपनीबरोबर इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांचा विचार आहे.

‘अनलिमिटेड’ या शब्दालाही मर्यादा असते. बऱ्याच फायबर योजनांत ती महिन्याला ३,३०० गिगाबाइटची आहे. १०० एमबीपीएस अखंड वापरले तर हा साठा ७३ तासांत संपतो, पण साध्या घराचा वापर याच्या आसपासही जात नाही.

राहता राहिले वाय-फाय. ३०० एमबीपीएसचे पैसे भरणाऱ्याला आतल्या खोलीत ३० मिळतात, तेव्हा दोष अनेकदा लाइनचा नसतो. राउटर चपलांच्या कपाटावर, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो; २.४चा भिंत ओलांडतो, पण शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यावर असतात. कंपनीकडे तक्रार करण्याआधी लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. आकडा ९५च्या आसपास अडकला, तर आधी वायर बदलून पाहावी : आतली एक जोडी तुटली तरी जोडणी १०० एमबीपीएसवर येऊन थांबते.