व्हाइट रिम रस्त्यावर गाडी न्यायची असेल तर: परवाना, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआब गावाजवळ कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या पठाराच्या खालून साधारण 160 किलोमीटरचा कच्चा रस्ता फिरतो, तोच व्हाइट रिम. 1950च्या दशकात युरेनियम शोधण्यासाठी तो पाडला गेला. आता तिथे हौशी लोक जातात, पण परवान्याशिवाय नाही.

परवाने दोन प्रकारचे. एका दिवसात परतणाऱ्यांना दिवसाचा, मुक्काम करणाऱ्यांना मुक्कामाचा. मुक्कामाचा घेतला की दिवसाचा वेगळा लागत नाही. दोन्ही रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडून काढायचे. दिवसाच्या परवान्याचं शुल्क 6 डॉलर, आणि रोज मोटारगाड्यांना 50 व सायकलींना 50 इतकेच परवाने मिळतात. मुक्कामाच्या आरक्षणाचे 36 डॉलर परत मिळत नाहीत. माणशी रात्रीचं शुल्क त्यावर वेगळं. उद्यानाचं प्रवेशशुल्क या दोन्हींत धरलेलं नाही.

गाडीने पूर्ण फेरीला दोन ते तीन दिवस लागतात, त्यामुळे खरी चुरस मुक्कामाच्या जागांसाठी. आरक्षण हंगामानुसार चार महिने आधी खुलं होतं. 10 मार्च ते 9 जूनच्या वसंतासाठी 10 नोव्हेंबरला, आणि 10 सप्टेंबरपासूनच्या शरदासाठी 10 मे रोजी. एका जागेवर जास्तीत जास्त 15 माणसं आणि 3 गाड्या.

अर्ज भरणं दहा मिनिटांचं काम. लोक अडकतात ते गाडीच्या अटीवर. जमिनीपासून उंच आणि लो-रेंज गिअर (हळू पण जास्त जोराने ओढणारा) असलेली फोर-बाय-फोरच हवी. थारमध्ये ज्याला आपण फोर-लो म्हणतो, ते. चारही चाकांना जोर मिळणारी, पण लो-रेंज नसलेली ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही चालत नाही, मग शोरूमवाला काहीही म्हणो. एटीव्ही आणि साइड-बाय-साइड या छोट्या, उघड्या ऑफ-रोड गाड्यांना बंदी आहे. कुत्रा गाडीतून खाली उतरवला नाही तरी चालत नाही. भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा: बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ देत नाहीत, आणि शेफर ट्रेल किंवा मर्फी हॉगबॅकच्या चढावर ती बंद पडली तर ओढून आणायचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो. तो तुमच्याच खिशातून. मोआबमध्ये खास अशा रस्त्यांसाठी जीप भाड्याने मिळतात, त्या घेतलेल्या बऱ्या.

सोबत ठेवायचं ते इतकं: परवान्याची छापील प्रत (खाली फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका), परवानाधारकाचं ओळखपत्र, गाडीची नोंदणी किंवा भाडेकरार, आणि वाहनचालक परवाना. भारतातून जाणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून घ्यावा. त्यासाठी नमुना 4ए, चालू लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. तो मूळ लायसन्ससोबतच ग्राह्य धरतात, म्हणून दोन्ही न्या.

वाटेत पिण्याचं पाणी कुठेच नाही, सगळं वरून भरून न्यावं लागतं. लाकडाची शेकोटीही पेटवता येत नाही.

परवाना मिळाला नाही तर साधी गाडी घेऊन वरच्या डांबरी रस्त्याने ग्रँड व्ह्यू पॉइंटला जा. तिथे फक्त प्रवेशशुल्क लागतं, आणि हाच रस्ता तीनशेहून अधिक मीटर खाली दिसतो.