बोर्ना विषाणू आणि मनोविकार : एका चाचणीची पार्श्वभूमी

मनोविकारामागे जंतुसंसर्ग असू शकतो, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी निव्वळ कल्पनेचा राहिला नव्हता. १९०६ साली उपदंश (सिफिलिस) या गुप्तरोगासाठी रक्ताची वासरमान चाचणी आली आणि १९१३ मध्ये मतिभ्रम व लकवा होऊन मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष दिसले. वेड्यांच्या इस्पितळांतील एका मोठ्या रुग्णवर्गाचे निदान त्यामुळे रक्तावरून होऊ लागले. पुढच्या पिढ्यांना असाच दुसरा जंतू सापडण्याची आशा वाटली, ती या यशामुळेच.

ही आशा १९८० च्या दशकात बोर्ना विषाणूवर येऊन स्थिरावली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या बोर्ना गावाजवळ १८८५ साली घोडदळाच्या घोड्यांमध्ये मेंदूज्वराची साथ आली होती, त्यावरून रोगाला हे नाव मिळाले. प्रयोगात संसर्ग झालेल्या प्राण्यांचे वर्तन बदलते, हे ठाऊक होते. त्यामुळे १९८५ मध्ये जर्मन व अमेरिकी संशोधकांनी काही मनोरुग्णांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा ते विश्वसनीय वाटले.

पुढची वीस वर्षे मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. एका प्रयोगशाळेत बरेच नमुने होकारार्थी येत, तर दुसरीत एकही येत नसे. जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती करून तो ओळखणाऱ्या पीसीआर तंत्राने अचूकता वाढेल असे वाटले होते, परंतु हे तंत्र इतके संवेदनशील आहे की टेबलावरचा किंवा नळीतला विषाणूचा सूक्ष्म अंशही रुग्णाच्या रक्तातला म्हणून मोजला जाऊ शकतो. रुग्णांकडून मिळालेले जनुकीय क्रम प्रयोगशाळेतल्या वाणांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते, आणि माझ्या मते तिथेच शंका बळावायला हवी होती. अखेर कोणता नमुना रुग्णाचा आणि कोणता निरोगी माणसाचा हे तपासणाऱ्यांना कळू न देता ३९६ जणांची तपासणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा तीव्र नैराश्य यांच्याशी विषाणूचा कोणताही संबंध आढळला नाही. या विषाणूची जनुकीय ओळख १९९० मध्ये पटवण्यात ज्यांचा वाटा होता, ते अमेरिकी विषाणूतज्ज्ञ इयन लिपकिन या अभ्यासातही होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

विषाणू माणसाला निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हता. २०१८ मध्ये जर्मनीत एकाच दात्याचे अवयव मिळालेल्या रुग्णांना याच विषाणूचा मेंदूज्वर झाल्याचे उघड झाले. चिचुंद्रीच्या एका जातीत राहणारा हा विषाणू माणसात क्वचितच येतो, पण आला तर बहुधा प्राणघातक ठरतो. मार्च २०२० पासून जर्मनीत त्याच्या प्रत्येक संसर्गाची नोंद आरोग्य यंत्रणेकडे करणे बंधनकारक आहे.