माल निघण्यापूर्वीच बदल कळवा : हळद निर्यात करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वसमत, हिंगोली आणि नांदेड परिसरातील जे व्यापारी आमच्याकडून निर्यातीची कागदपत्रे करून घेतात, त्यांच्याकडून दर हंगामात एकच प्रश्न येतो : नमुना पसंत पडला, माल पोचला, वजनही पुरेपूर भरले, तरी पैसे का अडकले? बहुतेक वेळा मालात खोट नसते. सौदा ठरल्यानंतर काहीतरी बदललेले असते आणि तो बदल समोरच्या व्यापाऱ्याला किंवा आम्हाला वेळेवर कळविलेला नसतो.

एक उदाहरण पाहू. ढाक्याच्या खरेदीदाराने उघडलेल्या एल.सी.मध्ये (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या अटींप्रमाणे कागद सादर झाल्यास पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) सेलम हळकुंडाची ५० किलोची ५०० पोती, असे लिहिलेले आहे. ऐनवेळी बारदाना मिळत नाही, म्हणून आपण २५ किलोचे १००० कट्टे भरता. दोन्हींचे वजन २५ टनच होते, म्हणून आपल्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. परंतु बँक माल पाहत नाही, केवळ कागद पाहते, आणि एल.सी.च्या आंतरराष्ट्रीय नियमांत (यूसीपी ६००, जुलै २००७ पासून लागू) नगाचा उल्लेख नसलेल्या मालाच्या परिमाणात ५ टक्क्यांपर्यंतची जी सवलत आहे, तीही पोत्यांची संख्या लिहिलेली असेल तर मिळत नाही. कागद तपासायला बँकेला कामकाजाचे पाच दिवस असतात. त्या मुदतीत तिने तफावत कळविली की पैसे देणे न देणे खरेदीदाराच्या संमतीवर जाऊन पडते. तोवर ट्रक पेट्रापोल येथील भारत-बांगलादेश सीमा ओलांडून गेलेला असतो. बाजार उतरला असेल, तर संमती देण्याआधी खरेदीदार भाव पाडून मागतो, आणि त्या वेळी आपल्या हातात बोलण्यासारखे काही उरलेले नसते.

हाच बदल माल भरण्यापूर्वी कळविला असता, तर एल.सी.मध्ये दुरुस्ती मागता आली असती. तिला काही दिवस लागतात आणि शुल्कही पडते. ते शुल्क वाचविण्यासाठी गप्प राहणे, ही आमच्या अनुभवात सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

दुसरा बदल कागदावर दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. लॉटमध्ये काही पोती कमी पडतात आणि ती शेजारच्या गोदामातून भरली जातात. पावसाळ्यात साठविलेल्या त्या मालात ओल अधिक असते. नीट वाळलेले हळकुंड काडकन मोडते, ओल धरलेले आधी वाकते, आणि तिकडच्या गोदामात पोते उसवताच हे कोणाच्याही लक्षात येते. या वेळचे पैसे मिळतीलही, पण पुढची मागणी दुसऱ्याकडे जाते आणि ती का गेली, हे आपल्याला कोणी सांगत नाही. मोंढ्यात वाद झाला तर आडत्या मध्ये बसून तो मिटवितो. ढाका, दुबई किंवा कासाब्लांकाच्या व्यापाऱ्यात आणि आपल्यात असा कोणी नसतो, आणि एका सौद्यासाठी परदेशी न्यायालयात जाणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे आपण काय कळविले आणि केव्हा कळविले, यावरूनच तो आपल्याला ओळखतो.

खरेदीदाराने शिशाचा तपासणी अहवाल मागितला की काही ग्राहकांना तो अपमान वाटतो. तसे मानू नये. बांगलादेशात हळदीला रंग येण्यासाठी शिसेयुक्त रंगद्रव्य वापरले जात असल्याचे २०१९ साली संशोधनातून पुढे आले आणि तेथील प्रशासनाने कारवाई केली. त्यानंतर तेथील व्यापारी अधिक सावध झाला असेल, तर ते रास्तच आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या नावाला स्वच्छ अहवालाची जोड असावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आम्ही विनाकारण वेळ लावतो, अशी तक्रार काही जण करतात. आम्ही प्रत्येक लॉटचे तीन नमुने गोदामातच मोहरबंद करतो : एक खरेदीदाराला, एक आपल्याला आणि एक आमच्याकडे. भरणीच्या दिवशी आमचा माणूस पोती मोजतो, काही पोती उसवून वरचा, मधला आणि तळाचा माल पाहतो, आणि त्यानंतरच आम्ही इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट तयार करतो. यात वेळ जातो आणि त्याचे शुल्क आम्ही घेतो. मात्र कागद आणि माल एकच आहेत, असे खरेदीदाराला आम्ही खात्रीने कळवू शकतो ते यामुळेच. एरवी पहिल्या व्यवहारात पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय माल न सोडणारे आपणही पुढे उधारीचा विचार करू शकता, आणि त्या उधारीवर ईसीजीसी या निर्यातीच्या उधारीचा विमा उतरविणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा कसा घ्यावा, हेही आम्ही सांगतो.

एल.सी.चा मसुदा मान्य करण्यापूर्वी आमच्याकडे आणावा. तो वाचून देण्याचे आम्ही वेगळे शुल्क घेत नाही. पोत्यांची संख्या, वजन, बारदाना, लॉट किंवा रवानगीची तारीख यांपैकी काहीही बदलणार असेल, तर ट्रक भरण्यापूर्वी आम्हाला लेखी कळवावे, म्हणजे खरेदीदाराला त्याच दिवशी पत्र पाठविता येईल.