घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात: अमेरिकेतील राज्य प्राप्तिकर

अमेरिकेत केंद्र सरकारबरोबरच बहुतेक राज्येही प्राप्तिकर घेतात. टेक्सास, फ्लोरिडासारख्या मोजक्या राज्यांत पगारावर असा कर नाही. त्यामुळे राहते राज्य एक आणि नोकरीचे दुसरे असले, की पगारदाराला अनेकदा दोन राज्यांची विवरणपत्रे भरावी लागतात. न्यू जर्सीतील एडिसन किंवा जर्सी सिटीहून रोज न्यू यॉर्कमधील मॅनहॅटनला जाणाऱ्या मराठी माणसाला हे नवे असते, कारण भारतात पगारावर प्राप्तिकर केंद्राचाच असतो.

राहते राज्य रहिवाशाच्या साऱ्या उत्पन्नावर कर लावते, मग कमाई कुठलीही असो. कामाचे राज्य फक्त आपल्या हद्दीतील कमाईवर. अनिवासींवर कर लावण्याचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९२० साली मान्य केला.

न्यू जर्सीच्या रहिवाशाने न्यू यॉर्कचे अनिवासी विवरणपत्र, म्हणजे आयटी-२०३, आधी पूर्ण करावे. त्यातून निघालेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे करातून थेट सूट, मग न्यू जर्सीच्या एनजे-१०४० या विवरणपत्रात मागता येते. इथे पुष्कळ जण चुकतात: डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर, दिसणारी पगारातून कापलेली कराची रक्कम क्रेडिट म्हणून लिहितात. क्रेडिट धरायचे ते विवरणपत्रात ठरलेल्या करावर. तेही न्यू जर्सी त्याच उत्पन्नावर जेवढा कर लावेल तेवढ्यापुरतेच. न्यू यॉर्कचा कर त्याहून जास्त असला, तर वरचा फरक न्यू जर्सी परत देत नाही. न्यू यॉर्क शहराचा प्राप्तिकर मात्र बाहेर राहणाऱ्या नोकरदाराला लागत नाही.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा परस्पर करार आहे. त्यामुळे पगारावर कर राहत्या राज्यातच भरायचा. त्यासाठी कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो: पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशाने एनजे-१६५, न्यू जर्सीच्या रहिवाशाने आरईव्ही-४१९. फिलाडेल्फिया शहराचा वेतनकर या करारात येत नाही.

घरून काम करणाऱ्यांची अडचण अधिक जाचक आहे. नोकरी न्यू यॉर्कच्या कार्यालयाशी जोडलेली असेल आणि कर्मचारी कंपनीच्या गरजेमुळे नव्हे तर स्वतःच्या सोयीने घरी बसत असेल, तर ते दिवसही न्यू यॉर्क आपलेच मोजते. कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की यांनी याला आव्हान दिले; २००३ साली न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. ज्या राज्याच्या रस्त्यावर त्या दिवशी पाऊलही पडले नाही, त्याला कर देणे अन्यायाचेच म्हणावे लागेल. न्यू जर्सीने २०२३ साली तसाच नियम केला, पण असा नियम असणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांपुरताच.