मोटरहोममधलं सोलर आणि बॅटरी वायरिंग

मोटरहोम म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर मिनीबसच्या आत बेड, किचन, पाण्याची टाकी बसवून केलेलं चालतं घर, आणि गाडी बंद असताना त्यातला फ्रिज, पंखा, लाइट, पंप कशावर चालणार याची सोय म्हणजे छतावर सोलर पॅनेल, आत एक वेगळी बॅटरी (हिला हाऊस बॅटरी म्हणतात, गाडी स्टार्ट करायची बॅटरी ती वेगळी) आणि या सगळ्यांना जोडणारी वायर. लोक सगळा पैसा पॅनेल आणि बॅटरीवर घालतात आणि वायर दुकानात जी मिळेल ती घेतात, खरं तर उलटं करायला हवं.

कारण सगळा खेळ १२ व्होल्टचा आहे. घरी १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत घेते, पण तेच १००० वॅट इन्व्हर्टर लावून १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढले की इन्व्हर्टरमधला लॉस धरून ९० अँपिअरच्या आसपास जातात. घराच्या वायरिंगचा अंदाज इथे चालत नाही, आणि घरचं वायरिंग करणारा चांगला वायरमनसुद्धा नेमका इथेच फसतो. इतक्या करंटला ३५ स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड कॉपर केबल लागते, २००० वॅटच्या इन्व्हर्टरला ७० स्क्वेअरची, आणि इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभराच्या आतच बसवायचा.

बारीक वायरने नुसती गरम होण्याची भीती नसते, चार्जिंगही बिघडतं. समजा चार्ज कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टवर देणारा डबा) बॅटरी ३ मीटरवर आहे, जाऊन-येऊन ६ मीटर वायर, आणि ३० अँपिअर चाललेत. ४ स्क्वेअरची वायर घातली तर जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, १६ स्क्वेअरमध्ये जेमतेम ०.२ व्होल्ट. कंट्रोलरला वाटतं आपण १४.४ व्होल्ट देतोय, बॅटरीला मिळतात १३.६, त्यामुळे ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते ती ॲसिडची) पूर्ण चार्ज व्हायला दिवस पुरत नाही, रोज थोडी अर्धवट राहते, आणि वर्ष-दीड वर्षात माणूस म्हणतो बॅटरीच खराब निघाली.

बॅटरीत मुख्य पर्याय दोन. इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर स्वस्त पडते, पण ५०-६० किलोचं धूड, त्यातली निम्मीच वीज वापरायची म्हणजे हातात ०.९ युनिट, वर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणजे बेडखाली बंद पेटीत ठेवायची सोय नाही आणि घाटात ॲसिड हिंदकळतं ते वेगळंच. लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० एएच बॅटरी साधारण निम्म्याहून कमी वजनात अडीच युनिट देते. त्यात ३.२ व्होल्टचे ४ सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) असतात आणि त्यांच्यावर बीएमएस नावाचं सर्किट पहारा देतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, शून्य डिग्रीच्या खाली लिथियम चार्ज करायची नाही, सेल आतून कायमचे खराब होतात, म्हणून लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी कमी तापमानाला चार्जिंग बंद करणारा बीएमएस बघूनच घ्यावा.

थंडीचा दुसरा फटका पॅनेलच्या बाजूने बसतो. घराच्या छतावरचं मोठं ५४० वॅटचं पॅनेल लोड नसताना साधारण ४९ व्होल्ट दाखवतं. अशी दोन सिरीजमध्ये लावली की ९८ व्होल्ट, आणि १०० व्होल्ट लिमिटच्या एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) कंट्रोलरला हे चालेल असं कागदावर दिसतं, पण पॅनेलचे व्होल्ट थंडीत वाढतात, २५ डिग्रीच्या खाली प्रत्येक डिग्रीला ०.३ टक्क्याच्या आसपास, म्हणजे शून्य डिग्रीच्या सकाळी ऊन पडलं की १०५ व्होल्ट होतात आणि कंट्रोलर कायमचा गेला! पॅरलल (शेजारी-शेजारी, व्होल्ट तेवढेच राहतात) लावली तर ही भीती नाही, झाडाची सावली एका पॅनेलवर पडली तरी दुसरं चालू राहतं, फक्त वायर जाड लागते. ४०० वॅटची पॅनेल छतावर आडवी बसवली तर आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास धरावं, पावसाळ्यात कोकणात त्यातलं फारच थोडं मिळतं. म्हणून गाडीच्या अल्टरनेटरवरूनही (इंजिनवर चालणारा जनरेटर) चार्जिंग हवं, पण ते थेट वायर टाकून नाही, लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतोच.

फ्यूज वायरला वाचवायला असतो, उपकरणाला नाही, म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या आधीची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला थांबवणारं काहीच नाही. लिथियम शॉर्ट झाली की हजारो अँपिअर सुटतात, साधा फ्यूज वितळूनही आत ठिणगी चालूच राहू शकते, तिथे इतका करंटही तोडू शकणारा क्लास टी फ्यूज वापरतात. घरातला एसी एमसीबीही इथे लावू नये. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क (ठिणगी) विझतो, डीसीला ती सवलत नाही.

आणि थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवून नटाखाली आवळायचं धातूचं टोक. माझ्या गाडीत पहिल्या वेळी दुकानातल्या पोराने ३५ स्क्वेअरचं थिंबल पक्कडीने दाबून वर टेप गुंडाळला होता, दिसायला एकदम फिट. तिसऱ्या रात्री मिक्सर लावला तर जळका वास आला, हात लावला तर चटका बसला, टेप सोलला तर तारा नुसत्या हलत होत्या. हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून, ओढून बघून, मग हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवायची, आणि हजारेक किलोमीटर झाले की सगळे नट पाना लावून परत तपासायचे, गाडी हादरते हो, घर हादरत नाही.

मायनसच्या सगळ्या वायरी शंटमधूनच (बॅटरीत किती करंट आला-गेला हे मीटरला कळवणारी पट्टी) न्यायच्या, बॅटरीच्या मायनसला दुसरं काही जोडायचं नाही, नाहीतर किती टक्के उरली हे मीटर चुकीचं सांगतो. लिथियमचे व्होल्ट बराच काळ १३.२-१३.३ वरच रेंगाळतात, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवरून काही कळत नाही. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल, आणि दुपारी काम करत असाल तर पॅनेलवर जाड चादर टाकून.