मशीन ‘लाभले नाही’ म्हणजे नेमके काय?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नवे सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात, आपोआप पुढे येणाऱ्या वायरने वेल्डिंग करणारे) आले की पहिला प्रश्न ‘किती अँपिअरचे?’ हाच असतो. त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात छापलेली ड्यूटी सायकल मात्र सहसा कोणी वाचत नाही. दर दहा मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन तेवढा प्रवाह सोसू शकते, हे ती सांगते. तारांमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; त्यामुळे ६० टक्के ड्यूटी सायकलचे २०० अँपिअरचे मशीन अखंडपणे सुमारे १५५ अँपिअर देईल, तर २० टक्क्यांचे २५० अँपिअरचे मशीन जेमतेम ११२.

परंतु या मशीनची खरी करामत वेगळीच आहे. रॉडच्या वेल्डिंगमध्ये मशीन प्रवाह जवळपास स्थिर ठेवते आणि ज्योतीची, म्हणजे आर्कची, लांबी वेल्डरच्या हाताने सांभाळायची असते. वायरच्या मशीनमध्ये स्थिर राहतो तो व्होल्टेज. प्रवाहासाठी सहसा निराळे बटण नसते. आलेली वायर वितळवण्यासाठी जितका लागेल तितका प्रवाह वाहतो, म्हणून वायरचा वेग वाढवणे म्हणजेच प्रवाह वाढवणे.

समजा, वायर मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने येत आहे आणि तेवढीच वितळत आहे. हात ३ मिलिमीटर वर गेला, तर ज्योत लांबते. लांब ज्योतीला अधिक व्होल्टेज हवा असतो, पण मशीन तो देत नाही. परिणामी प्रवाह घसरतो आणि वितळणे मंदावते. वायर मात्र आपल्या वेगाने येतच असते, म्हणून तिचे टोक पुढे सरकते आणि ज्योत पूर्वीइतकी आखूड होते. वितळण्याचा वेग क्षणभर निम्म्यावर आला असे धरले, तर ही ३ मिलिमीटरची तूट भरून निघायला सेकंदाचा सोळावा भाग पुरतो. हात खाली गेला, तर हेच उलट क्रमाने घडते. यासाठी कोणताही सेन्सर लागत नाही.

या सोयीत एक फसवणूकही दडलेली आहे. ज्योत सावरली, तरी टिपच्या (वायर जिच्यातून बाहेर पडते ते टॉर्चचे टोक) बाहेर लोंबणारी वायर आता ३ मिलिमीटरने लांब झालेली असते. तेवढा भाग स्वतःच्या विद्युतरोधामुळे आधीच तापतो, वितळण्यास कमी प्रवाह पुरतो आणि जोड उथळ बसतो. आवाज मात्र उत्तम येत राहतो.

पातळ पत्र्यावर वायरचे टोक वितळलेल्या धातूला सेकंदाला २० ते २०० वेळा टेकते. प्रत्येक वेळी शॉर्ट सर्किट होते, प्रवाह उसळतो आणि त्याचेच चुंबकीय बल थेंबाला आवळून तोडते. ही उसळी फार झपाट्याने आली, तर थेंब तुटण्याऐवजी फुटतो आणि स्पॅटर (वितळलेल्या धातूचे शिंतोडे) उडते. तिला लगाम घालण्याचे काम मशीनमधील चोकचे, म्हणजे प्रवाहातील अचानक बदल रोखणाऱ्या तारेच्या गुंडाळीचे (इंडक्टन्सचे) असते; इन्व्हर्टर मशीनमध्ये ते बरेचसे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करते. चांगल्या आणि सामान्य मशीनमधील फरक इथे कळतो, दशांश दाखवणाऱ्या चकचकीत डिजिटल पडद्यावर नव्हे. मशीन घेताना भंगारातला ३ मिलिमीटरचा तुकडा बरोबर न्यावा आणि त्यावर स्वतः दोन जोड मारून पाहावेत.

वरील सारे गणित वायर एकसारख्या वेगाने येते, या गृहीतावर उभे आहे. लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधील, वायर जिच्यातून सरकते ती नळी) धूळ आणि वायरवरील तांब्याचा चुरा साचला, किंवा ०.८ मिलिमीटरच्या वायरला १.२ ची खाच असलेला, वायर पुढे ढकलणारा रोलर लावला, की वायर अडखळते, ज्योत वर चढते आणि वायर टिपलाच चिकटते. मग ‘हे मशीन आम्हाला लाभले नाही’ असे म्हणून नारळ फोडला जातो आणि रोलरचा दाब आणखी आवळला जातो. त्याने वायर चपटी होऊन अधिकच अडते. लाभण्या-न लाभण्याचा हा प्रश्न बहुधा टॉर्चची केबल सरळ करून आणि लायनर बदलून सुटतो.